तुकडे किती घेतले?

अण्णांना भाकरी अडकायला लागली तेव्हा घरात कुणीच मनावर घेतलं नाही. आधी ते आमटीत कुस्करून खायला लागले, मग पापुद्रा बाजूला काढून आतलं मऊ तेवढंच, मग नुसता दूधभात. आईला वाटलं कवळी नीट बसत नाही. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, जेवणाला वेळ-काळ नाही, खिशात कायम ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी. त्यामुळे "पित्त झालंय" हे सगळ्यांनाच पटलं. मार्च २०२४ मध्ये ते सोप्यात बसून पोगराने पट्ट्याला नवीन भोक पाडत होते. जुन्या भोकापासून चांगलं तीन बोटं आत. ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन निघाले.

तालुक्याच्या गावी दुर्बीण झाली. अन्ननलिका जठराला मिळते त्या सांध्यावरच गाठ होती. तपासणीला तुकडा गेला, आठवड्याने एका पानाचा रिपोर्ट आला: ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. सीटी स्कॅनमध्ये यकृतावर तीन डाग. चौथी स्टेज, ऑपरेशन नाही. त्या रात्रीचं मी काही लिहिणार नाही. ज्यांच्या घरी अशी रात्र आली आहे त्यांना सांगायला नको, आणि इतरांच्या घरी ती न येवो.

लिहायचं आहे ते त्यानंतरच्या सहा-सात आठवड्यांबद्दल. कारण त्या आठवड्यांत मला जे कळलं ते कुणी आधीच सांगितलं असतं, तर अण्णांचा एक महिना वाचला असता.

परळला ओपीडीत आमचा नंबर लागला तेव्हा माझ्या पिशवीत सगळं होतं. फाइल, सीडी, रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड. डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "ब्लॉक आणलाय?"

मला शब्दच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. दुर्बिणीतून काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवतात, मग मेणात बसवतात. तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे केसाहूनही पातळ काप काढून काचेवर चढवतात, त्या स्लाइड. आपल्या हातात येतो तो नुसता कागद, पण खरा ऐवज लॅबच्या कपाटात असतो. "पुढचं सगळं औषध त्या ठोकळ्यावर ठरणार आहे, ताई," त्या म्हणाल्या. "तो आणा."

तीनशेच्या आसपास किलोमीटर मागे. ज्या लॅबने तपासणी केली होती तिथे पहिल्या दिवशी सांगितलं, ब्लॉक देत नाही, स्लाइड घेऊन जा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, देतो, पण सापडत नाही. तिसऱ्या दिवशी लेखी अर्ज, आधारची झेरॉक्स आणि अण्णांची सही घेऊन गेले, तेव्हा मिळाला. मी लॅबचं नाव लिहिणार नाही, कारण प्रश्न एका लॅबचा नाही. पण त्या काउंटरवरच्या मुलाला आपण काय शोधतोय याची कल्पनाच नव्हती, हे मला आजही सलतं. त्याच्या दृष्टीने ते जुनं सामान होतं.

हातात घेतला तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले. काड्यापेटीपेक्षा लहान. प्लास्टिकची जाळीदार चौकट, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर, आणि वर बसवलेलं पांढुरकं मेण. त्या मेणात खसखशीएवढे दोन ठिपके. त्यातला एक कापून कापून इतका पातळ झाला होता की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नव्हता.

एप्रिलचा उन्हाळा, आणि मेण. अण्णांचा ड्युटीवरचा ॲल्युमिनियमचा डबा आईने माळ्यावरून काढला. कापसात गुंडाळलेला ब्लॉक त्यात ठेवला, डब्याला ओलं फडकं बांधलं आणि मी रात्रीच्या गाडीने निघाले. मुंबई येईपर्यंत डबा मांडीवर होता.

मॅडमनी ओपीडीच्या कागदामागे त्या ठोकळ्यावर करायच्या चार तपासण्यांची नावं लिहून दिली होती. मी ती तोंडपाठ केली होती. पहिलं हर-टू. पेशीच्या अंगावरचं हे एक प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप देत राहतं. काही गाठींमध्ये ते बेसुमार असतं. तिथे ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध त्याला जाऊन चिकटतं आणि निरोप अडवतं. हे औषध आधी स्तनाच्या कर्करोगात आलं. २०१० मध्ये टोगा नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ देशांतल्या ५९४ रुग्णांवर तो झाला होता, आणि पोटाच्या कर्करोगातही या औषधाचा उपयोग होतो हे त्यातून पहिल्यांदा ठामपणे दिसलं. त्याच अभ्यासासाठी तपासलेल्या गाठींपैकी साधारण पाचांतल्या एकीत हर-टू सापडलं होतं. अण्णांची गाठ होती तशा सांध्यावरच्या गाठींत तर आणखी जास्त.

दुसरं एमएमआर. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल होते, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं जागेवर आहेत का, हे त्यात बघतात. तिसरं पीडी-एल-वन, तेही एक प्रथिन. त्याचा सीपीएस नावाचा आकडा येतो आणि इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेलाच गाठीवर सोडणाऱ्या औषधांचा, उपयोग कितपत होईल याचा अंदाज त्यावरून बांधतात. चौथं क्लॉडिन १८.२. जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधणारं हे प्रथिन. एरवी ते सांध्यात दडलेलं असतं, गाठीत पेशींची घडी विस्कटली की उघडं पडतं. त्यावरच्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाला जगात सगळ्यात आधी जपानने मान्यता दिली, ती मार्च २०२४ मध्ये. म्हणजे अण्णा पट्ट्याला भोक पाडत होते त्याच महिन्यात. पण ते हर-टू नसलेल्यांसाठी, म्हणून आधी हर-टू बघायचं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. हर-टू: २ प्लस, इक्विव्होकल.

हर-टूचा रंग शून्य, १, २, ३ असा मोजतात. शून्य आणि १ म्हणजे नाही. ३ म्हणजे आहे. २ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मग फिश नावाची दुसरी तपासणी करावी लागते, त्यात पेशीतल्या जनुकाच्याच प्रती मोजतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की फिशसाठी ऊतक अपुरं, एमएमआर आणि पीडी-एल-वनसाठीही अपुरं. मांडीवर जपून आणलेला ब्लॉक एका तपासणीत संपला होता.

"पुन्हा दुर्बीण करावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

अण्णा एवढा वेळ गप्प होते. "परत ती नळी?" ते म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मला रडू आवरेना. मी विचारलं की मग पहिल्यांदा नीट का नाही केलं? मॅडमनी कुणाला दोष दिला नाही. म्हणाल्या, कर्करोग आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर दोन तुकडे पुरतात, तिथल्या डॉक्टरांनी तेच बघितलं. पण ही गाठ सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात हर-टू भरपूर, बोटभर अंतरावर अजिबात नाही, असं पोटाच्या कर्करोगात नेहमी दिसतं. दोनच तुकडे घेतले आणि ते नेमके रिकाम्या जागेचे निघाले, तर औषध लागू पडणाऱ्या माणसाला आपण नाही म्हणून परत पाठवू. म्हणून निदान सहा ते आठ तुकडे, वेगवेगळ्या जागांवरून.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "माती परीक्षणागत."

मॅडमना कळलं नाही. अण्णांनी त्यांना सांगितलं. गावाकडे साडेतीन एकर रान आहे. माती तपासायला द्यायची तर बांधाकडची एक मूठ उचलून देत नाहीत. रानात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी खड्डा घ्यायचा, सगळीकडची माती गोळा करायची, तेव्हा रानाचा खरा कस कळतो. "मग घ्या आठ," ते म्हणाले आणि सही करायला पेन मागितलं.

दुसरी दुर्बीण मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. बाहेर आल्यावर सिस्टरनी मला बाटली दाखवली. तळाशी तांदळाच्या कण्यांसारखे फिकट गुलाबी तुकडे. मी मोजले, आठ होते. लेबलवर तारीख आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ, ११.४०. वेळ कशाला लिहिता, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, फॉर्मेलिनमध्ये कमी वेळ राहिलं तरी रंग नीट येत नाही, फार दिवस राहिलं तरी बिघडतं. सहा तासांपेक्षा कमी नको, बहात्तरपेक्षा जास्त नको.

थांबायला वेळ नव्हता, म्हणून केमो लगेच सुरू केली. ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाइन एक दिवस, मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, एकवीस दिवसांची एक सायकल. त्या चार तपासण्यांचे रिपोर्ट आले की लागू पडणारं औषध त्यात जोडू, असं ठरलं. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर गार काही सोसत नाही हे सांगितलेलं होतं, पण ते काय असतं हे घरी कळलं. ऐन मेमध्ये अण्णांनी माठातल्या पाण्याचा घोट घेतला आणि घशात काचा टोचल्यासारखा चेहरा केला. त्यानंतर त्यांच्यासाठी कोमट पाण्याचा तांब्या वेगळा. स्टीलच्या पेल्याचा गारवाही बोटांना सहन होईना, म्हणून आईने पेल्याला जुन्या मोज्याचं कव्हर शिवलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट. हर-टू ३ प्लस. मॅडमनी संगणकावर तसा एक नमुना दाखवला. मधाच्या पोळ्यासारखी तपकिरी रेषांची जाळी, आणि लगेच शेजारी काहीच रंग न धरलेला पट्टा. एकाच गाठीत. पहिल्यांदा आमचे दोन्ही तुकडे बहुधा अशाच कडेवरचे निघाले असतील. एमएमआरची चारही प्रथिनं जागेवर होती. सीपीएस ३.

त्याच दिवशी बाकावर शेजारी कोकणातलं एक कुटुंब बसलं होतं. सत्तरीच्या आजी, मुलगा, सून. मुलगा रिपोर्ट हातात धरून रडत होता. त्यात लिहिलं होतं एमएलएच-वन आणि पीएमएस-टू, लॉस ऑफ एक्स्प्रेशन. "लॉस झालाय म्हणतात," तो मला म्हणाला. मला तोवर थोडं कळायला लागलं होतं, पण त्याला काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. आतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहराच बदललेला होता. त्या 'लॉस'चा अर्थ असा की एमएमआरमधल्या चारांपैकी दुरुस्ती करणारी ही दोन प्रथिनं नाहीत, म्हणून गाठीत चुकांचा ढीग, आणि तो ढीग शरीराच्या संरक्षण यंत्रणेला परका वाटतो. अशा गाठी इम्युनोथेरपीला सगळ्यात चांगल्या दाद देतात. चौथ्या स्टेजमध्ये असं फार थोड्यांचं निघतं, शंभरात चार-पाच जणांचं. भावंडांनाही तपासावं लागेल का, असं त्याने विचारलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की वयस्कर माणसांत एमएलएच-वन बहुतेक वेळा आनुवंशिक कारणाने जात नाही, पण आणखी एक चाचणी करून खात्री करू. रिपोर्ट हातात देताना त्या एका शब्दाचा अर्थ सांगायला दोन मिनिटं लागतात. ती न मिळाल्यामुळे एक माणूस दोन तास रडत बसला होता.

आता आकड्यांबद्दल, कारण मी मॅडमना स्पष्ट विचारलं होतं की याने बरं होणार का. त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं, नाही, लांबेल. टोगात नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य ११.१ महिने होतं, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर १३.८. ज्यांचं हर-टू खरोखर जास्त होतं अशांपुरतं पाहिलं तर ११.८ आणि १६. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. पावणेतीन महिने ऐकून माझा भाऊ म्हणाला, एवढ्यासाठीच का हे सगळं? मी त्याला दोष देत नाही. पण अण्णा त्या खोलीत बसलेले होते, आणि त्यांनी विचारलं, "सोळाच्या पलीकडं गेलेलं बी असतील की?" असतील, मॅडम म्हणाल्या. "मग द्या."

पहिला डोस वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढचे दर तीन आठवड्यांनी ६. अण्णांचं वजन ५२, म्हणजे ४१६ मिलिग्रॅम. ४४० च्या एका कुपीत बसलं. आधी हृदयाचा इको, आणि मग दर तीन महिन्यांनी, कारण हे औषध काहींच्या हृदयाचं पंपिंग कमी करतं. हे औषध आमच्या आवाक्यात आलं ते २०१४ पासून भारतात त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच पण स्वस्त, आवृत्ती बनायला लागली म्हणून. २०१५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आलं. तरीही काही योजनेतून, काही ट्रस्टच्या मदतीतून, उरलेलं अण्णांच्या फंडातून, असं करतच जमलं.

एक गोष्ट जमली नाही, तीही लिहिते. सीपीएस १ किंवा जास्त असेल तर हर-टूच्या रुग्णांना केमो आणि ट्रास्टुझुमॅबबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्याने आणखी फायदा होतो. कीनोट-८११ या अभ्यासाचे अंतिम आकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. अशा रुग्णांत मध्यक आयुष्य १५.७ ऐवजी २०.१ महिने. अण्णांचा सीपीएस ३ होता. औषध अस्तित्वात होतं, लागू होतं, आणि आम्हाला परवडणारं नव्हतं. हे अण्णांना मी सांगितलं नाही. परळच्याच टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगात निवोलुमॅब या तशाच औषधाचा नेहमीच्या डोसच्या दहावा हिस्साही नसलेला डोस, फक्त २० मिलिग्रॅम, केमोबरोबर देऊन पाहिला होता. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मी मॅडमना विचारलं, मग अण्णांना तसं देता येईल का? त्या म्हणाल्या, तो अभ्यास वेगळ्या आजाराचा आहे, त्यावरून पोटाच्या कर्करोगाचं ठरवता येत नाही, त्यासाठी तसाच अभ्यास इथे व्हावा लागेल. तो व्हावा, लवकर व्हावा. परवडणारा डोस शोधण्याइतकं मोलाचं संशोधन आपल्यासारख्या घरांसाठी दुसरं कुठलं आहे असं मला वाटत नाही.

चौथ्या सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतावरचा एक डाग दिसेनासा झाला, बाकीचे दोन निम्म्यावर. पण त्याच्या आधीच आम्हाला कळलं होतं. एका सकाळी अण्णांनी आईला सांगितलं, भाकरी कुस्करू नकोस. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी. सावकाश, प्रत्येक घास तीस-चाळीस वेळा चावत, पण अख्खी खाल्ली. आई चुलीपाशी पाठ करून बसून राहिली होती.

तळहातांची सालटी निघाली, ती खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम यावर निभावली. बोटांना मुंग्या यायला लागल्या, सहा सायकलींनंतर ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवलं. गोळ्या आणि ट्रास्टुझुमॅब चालू राहिलं. दिवाळी झाली. जानेवारीत भावाच्या मुलीच्या बारशाला अण्णांनी स्वतः पेढे वाटले. तेरा महिने असे गेले.

जून २०२५ मधल्या स्कॅनमध्ये यकृतावर नवीन डाग दिसला आणि सांध्यावरची गाठ पुन्हा जाड वाटली. मॅडम म्हणाल्या, पुन्हा तुकडे घ्यायचे. ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या गाठीतून हर-टू नाहीसं होतं, जणू औषधाने तेवढ्याच पेशी वेचून मारल्या आणि उरलेल्या वाढल्या. जुन्या रिपोर्टवर विसंबून नवीन औषध देता येत नाही. हर-टू टिकून असेल तर ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान. यात तेच ट्रास्टुझुमॅब केमोचं ओझं पाठीवर घेऊन थेट पेशीपर्यंत जातं. नुकताच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात नव्याने तुकडा घेऊन हर-टू आहे याची खात्री झालेल्यांनाच घेतलं होतं, आणि मध्यक आयुष्य ११.४ ऐवजी १४.७ महिने मिळालं. हर-टू गेलं असेल तर पॅक्लिटॅक्सेल आणि रामुसिरुमॅब. डेरक्स्टेकानवरची कस्टम ड्यूटी जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात काढली, तरी किंमत ऐकून पोटात खड्डा पडतो. ते पुढचं पुढे. या वेळी ट्रस्टचे अर्ज मी रिपोर्टच्या आधीच भरून ठेवले आहेत.

गेल्या गुरुवारी तिसरी दुर्बीण झाली. जायच्या आधी मी डॉक्टरांना तुकड्यांचं विचारलं, फॉर्मेलिनचं विचारलं, आणि ब्लॉक नंतर आम्हाला मिळेल ना हेही विचारून घेतलं. अण्णांना बाहेर आणलं तेव्हा घशात फवारलेल्या औषधाने त्यांना बोलता येत नव्हतं, जीभ जड झाली होती. मी खाली वाकले. भरलेल्या गाडीत मागून पुढे जाताना माणसं मोजायची त्यांची जुनी सवय. ते आत पडल्या पडल्या मोजत होते. त्यांनी चादरीतून हात काढला, एका हाताची पाच बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताची दोन, आणि मला कळलं की नाही म्हणून माझ्याकडे बघत राहिले. "सात," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

रिपोर्टला अजून आठ दिवस आहेत.